धिप्पाड नवशिक्याने पहिली जुनी मोटारसायकल कोणती घ्यावी?



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा हुमणीची, तांबेऱ्याची, नाहीतर ठिबकच्या नळ्या चोंदल्याची असतात. या वेळी एका वाचक ताईंनी निराळाच प्रश्न घातला आहे. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा. उंची सहा फूट दोन इंच, वजन एकशे दहा किलो. घरची शेती तोच बघतो. ट्रॅक्टर उत्तम चालवतो, पण सायकलीखेरीज दुसरे दोन चाकांचे वाहन त्याने आजवर चालवलेले नाही. घरची शंभर सी.सी.ची गाडी त्याच्या अंगाखाली खेळण्यासारखी दिसते. पारावरची पोरे हसतात, म्हणून तो तालुक्याला एकटा जाणेच टाळतो. आता त्याने मनात घेतले आहे की, जुन्या काळची एखादी दणकट मोटारसायकल घ्यायची. वडील म्हणतात, "एवढ्या अंगाला बुलेटच पाहिजे." मामा म्हणतात, "येझदी घे." गावातले एक गृहस्थ आर.एक्स. १०० द्यायला तयार आहेत. कांद्याचे पैसे नुकतेच हाती आले आहेत. ताई विचारतात, "भाऊ, पोराचे मनही मोडायचे नाही आणि हातपायही मोडू द्यायचे नाहीत. काय करावे?"

हा प्रश्न शेती खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण बियाणे, बैल, पंप नाहीतर ट्रॅक्टर निवडताना आपण जो विचार करतो, तोच इथेही करायचा आहे. आणि घरात धिप्पाड मुलगा किंवा भाऊ असलेली घरे काही थोडी नाहीत. म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की करावी. अंग मोठे असले म्हणजे हात तयार असतो असे नाही. खोंड कितीही थोराड असला तरी पहिल्या दिवशी आपण त्याला नांगराला जुंपत नाही. आधी मानेला रिकामे जू, मग मागे ओंडका, मग कुळव, आणि सरावल्यावर नांगर. मात्र त्याच्या मानेला लहान जूही आपण घालत नाही, कारण मान सोलवटते. मोटारसायकलीचे तसेच आहे. सांगाडा अंगाला बेताचा हवा आणि इंजिनाचा जोर व गाडीचे वजन हाताला बेताचे हवे. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. "मोठ्या माणसाला मोठी गाडी" म्हणणारे लोक त्यांची गल्लत करतात.

वजनाचा हिशेब

आधी थोडे गणित करू. चिरंजीवांचे वजन ११० किलो. मागे आई किंवा बायको बसली, तर सुमारे ६० किलो आणखी. झाले १७० किलो. कडेला दुधाचा चाळीस लिटरचा कॅन टांगला, तर दुधाचेच वजन ४१ किलो आणि कॅनचे वजन निराळे. म्हणजे २१० किलोच्या वर ओझे झाले. घरची शंभर सी.सी.ची गाडी स्वतः भरते शंभर किलोच्या थोडी इकडेतिकडे. आपल्या वजनाच्या दुप्पट ओझे वाहणाऱ्या गाडीकडून चटकन थांबण्याची अपेक्षा करणे रास्त नव्हे.

जड स्वाराखाली मागचे शॉकअप दबून तळाला टेकतात, म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा मार थेट सांगाड्याला आणि माणसाच्या मणक्याला बसतो. मागची बाजू दबली की पुढची उचलली जाते. हेडलाइटचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी झाडांच्या शेंड्यावर पडतो. पुढच्या चाकावरचा भार कमी होऊन हँडल हलके लागते आणि वळणावर गाडी भरवशाची राहत नाही. चाकाच्या तारा ढिल्या होतात, रिम वाकते, बेअरिंग लवकर खाल्ले जाते.

ब्रेकचा हिशेब तर याहून महत्त्वाचा. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० ने गेलो, तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ती सव्वादोन पट होते. वजन वाढले तर त्यात आणखी भर पडते. जुन्या गाड्यांना आजच्यासारखे डिस्क ब्रेक नाहीत. आत लायनर दाबणारे ड्रम ब्रेक आहेत. ते उत्तम स्थितीत असले तरी आजच्या ब्रेकइतके पटकन धरत नाहीत, आणि लांब घाटउतारावर तापले की आणखी मंदावतात. म्हणून जड स्वाराने जुनी गाडी घेताना "पळते किती?" हा प्रश्न मागे ठेवावा आणि "थांबते कशी?" हा पुढे घ्यावा.

कोणती गाडी कोणत्या गुणाची

आपल्याकडे गावोगावी ज्या जुन्या गाड्या विकायला निघतात, त्या चार-पाच जातींच्याच असतात. त्यांचे गुणदोष येणेप्रमाणे.

बुलेट ३५० : १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि सैन्य व पोलिसांसाठी लागणारी ही गाडी हळूहळू सगळीच आपल्या देशात तयार होऊ लागली. जुन्या लोखंडी इंजिनाची बुलेट ३४६ सी.सी.ची, चार स्ट्रोकची. ताकद १८ अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या मोठ्या इंजिनाला हा आकडा थोडा वाटतो, पण नवशिक्याच्या दृष्टीने तोच तिचा मोठा गुण आहे. ती झटका देत नाही. कमी वेगात जोराने ओढते आणि ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला धरून ठेवते. सीट ऐसपैस, हँडल रुंद, पाय ठेवायला जागा पुरेशी, त्यामुळे उंच माणूस तिच्यावर माणसासारखा बसतो. सुटे भाग आजही मिळतात आणि काम जाणणारे मिस्त्री जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

आता दोष. वजन सुमारे १६५ किलो. उभी गाडी कलली तर नवशिक्याला सावरत नाही. किक मारताना इंजिन उलटे फेकले तर घोटा किंवा गुडघा दुखावतो. यासाठी डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून मगच पूर्ण किक मारायची असते. ही रीत शिकल्याशिवाय बुलेटला पाय लावू नये.

आणखी एक दोष फार लोकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बहुतेक बुलेटना गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. घरातल्या दुसऱ्या गाडीला नेमके उलटे. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी चालवणारा नवशिका, समोर अचानक वासरू आडवे आले की ब्रेक म्हणून गियर दाबतो. विचार करायला वेळ नसतो तेव्हा पाय सवयीनेच चालतो. म्हणून ज्याला या बुलेटवर सराव करायचा आहे, त्याने पाय पक्का बसेपर्यंत, निदान तीन महिने, दुसरी गाडी हातात घेऊ नये.

जावा आणि येझदी : झेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवानगीने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ही गाडी निघू लागली. १९७३ पासून तिला येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. इंजिन २५० सी.सी.चे, दोन स्ट्रोकचे, दोन सायलेन्सरचे. वजन सुमारे १४० किलो, म्हणजे बुलेटपेक्षा पंचवीसेक किलोने हलकी. सांगाडा दणकट, बसायला ऐसपैस. गियर डाव्या पायाला, त्यामुळे घरच्या गाडीशी पाय जुळतो. किकचा आणि गियरचा दांडा एकच असतो, हे नव्या माणसाला चमत्कारिक वाटते, पण दोन दिवसांत अंगवळणी पडते.

दोष असे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. ऑइल कमी पडले तर पिस्टन चालता चालता आवळतो आणि मागचे चाक जागच्या जागी जाम होते. असे झाले तर तत्काळ क्लच दाबावा, हे शिकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. दोन स्ट्रोकचे इंजिन उतारावर गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. जुन्या गाड्यांची वीज सहा व्होल्टची, त्यामुळे हेडलाइट मिणमिणता. ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर उभ्या असतात. अशा दिव्यावर अंधारात जाणे धोक्याचे. सुटे भाग शोधावे लागतात. जावा नाव २०१८ साली आणि येझदी नाव २०२२ साली बाजारात पुन्हा आले, पण त्या गाड्या पूर्ण निराळ्या आहेत. नव्या गाडीच्या इंजिनाचा भाग जुन्या गाडीला बसत नाही.

राजदूत १७५ : १९६२ पासून एस्कॉर्ट्स कंपनीने काढलेली, मूळ पोलंडच्या नमुन्यावरची गाडी. दूधवाल्यांनी आणि ग्रामसेवकांनी ती वर्षानुवर्षे वापरली. साधी, सोशिक, दुरुस्तीला सोपी. मात्र ११० किलोच्या माणसाला चढावर ती दमलेली वाटेल, आणि ब्रेकही बेताचेच. सपाट भागात, शेत ते गाव एवढ्यापुरती चालेल.

इथे एक धोक्याची सूचना. "राजदूत ३५०" या नावाने कोणी गाडी दाखवली, तर ती आपल्या राजदूतची थोरली बहीण समजू नका. १९८३ पासून निघालेली ती यामाहाच्या नमुन्याची दोन सिलिंडरची गाडी आहे. वेग एकदम घेते, आणि आपल्याकडच्या गाडीला ब्रेक मात्र ड्रमचेच आहेत. मुरलेल्या स्वारालाही ती हात दाखवते. नवशिक्याने तिच्यापासून चार हात दूर राहावे.

आर.एक्स. १०० : १९८५ ते १९९६ या काळातली ही गाडी आज तरुणांच्या गळ्यातला ताईत आहे. वजन शंभर किलोच्या आसपास आणि ताकद ११ अश्वशक्ती. हलक्या अंगाच्या मुरलेल्या माणसाची ती गाडी. सहा फूट दोन इंचाच्या माणसाचे गुडघे तिच्यावर हँडलला जाऊन भिडतात, वजन मागे सरकते आणि ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळला की पुढचे चाक उचलू पाहते. शिवाय हौशी लोकांनी तिची किंमत भलतीच चढवून ठेवली आहे. ताई, गावातल्या त्या गृहस्थांना नम्रपणे नकार कळवा.

डिझेल बुलेट : सुमारे ३२५ सी.सी.चे इंजिन आणि ताकद साडेसहा अश्वशक्तीच्या आसपास. थोड्या डिझेलवर लांब जाते, म्हणून शेतकऱ्याला मोह पडतो. पण पेट्रोलच्या बुलेटपेक्षाही जड, हादरा भारी आणि वेग घ्यायला मंद. एस.टी.ला ओलांडायला निघालो आणि समोरून ट्रक आला, तर तिच्याकडे जास्तीचा जोर नसतो. कोणी घरच्या घरी पंपाचे इंजिन बसवलेली गाडीही विकू पाहील. आर.सी. बुकात इंधनाच्या रकान्यात डिझेल नसेल, तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

अंगाला लावून पाहावी

सदरा अंगाला लावून घेतो, तशी गाडीही लावून पाहावी. बंद गाडीवर बसून पुढील गोष्टी कराव्यात.

१. दोन्ही पायांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का? उंच माणसाचे टेकतातच, पण गुडघे फार वाकत असतील तर गाडी त्याला ठेंगणी आहे.

२. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. मूठ किंवा आरसा गुडघ्याला लागत असेल, तर ऐन वळणावर घात होईल.

३. पाय फूटरेस्टवर ठेवून गियर आणि ब्रेक पावलाखाली सहज येतात का? मोठ्या मापाचा बूट दांड्याखाली अडकतो का? शेतातले गमबूट घालूनही एकदा पाहावे.

४. बसल्यावर मागचे शॉकअप किती दबतात, ते दुसऱ्याने पाहावे. माणूस बसताच तळाला टेकत असतील, तर ते बदलून जाड स्प्रिंगचे घ्यावेत.

५. गाडी स्वतः मेन स्टँडवर लावावी, उतरवावी आणि बंद गाडी अंगणाच्या चढावर मागे ढकलत न्यावी. हे ज्याला एकट्याने जमत नाही, त्याने ती गाडी घेऊ नये. रस्त्यात ती बंद पडली तर ढकलायला घरचे कोणी सोबत नसते.

सीट थोडी उंच करून घेणे किंवा टायरमधली हवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जादा भाराची ठेवणे, हे चालते. पण सांगाडा कापणे, इंजिन बदलणे, आवाजाचा सायलेन्सर बसवणे हे कायद्याला धरून नाही. फटाक्यासारखा आवाज काढून म्हशी बुजवण्यात पुरुषार्थ तो कसला!

बाजारात जनावर पारखावे तशी

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि इंजिन थंड असताना पाहावे. विकणाऱ्याने आधीच चालू करून तापवून ठेवली असेल, तर समजावे की थंडीत ती उठत नाही. चार स्ट्रोकची गाडी निळा धूर काढत राहिली, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची बाजू झिजली आहे. दोन स्ट्रोकची गाडी आरंभी धूर काढतेच, पण तापल्यावर तो कमी झाला पाहिजे.

गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक दोन्ही हातांनी मागेपुढे हलवावे. खटखट लागली तर हँडलचे बेअरिंग किंवा पुढचे शॉकअप गेले आहेत. मागचे चाक आडवे हलवावे. तिथे खेळ असेल तर बुश गेले. जड माणसाच्या गाडीत हा खेळ जिवावर बेततो, कारण वेगात मागची बाजू डुलू लागते. दोन्ही चाकांना कडेने दोरी ताणून पाहावी. आपण सरी सरळ आहे का ते पाहतो तशीच. चाके एका रेषेत नसतील, तर सांगाडा कधीतरी आदळलेला आहे. पेट्रोलच्या टाकीखाली, हँडलच्या मानेपाशी जोड लावल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर सौदा तिथेच सोडावा. तारांवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. सगळ्यांचा आवाज सारखा खणखणीत आला पाहिजे. भद्द वाजते ती तार ढिली.

टायरवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. नक्षी चांगली दिसली तरी टायर जुना असेल तर रबर कडक होऊन चिरते. जड स्वाराने तो बदलूनच घ्यावा. चेनपॉकेटचे दात माशाच्या काट्यासारखे टोकदार झाले असतील, तर तेही खर्चात धरावे. एकूणच, हाती असलेल्या पैशांपैकी दोन वाटे गाडीला आणि एक वाटा दुरुस्तीला, असा आधीच भाग करावा. त्या एका वाट्यातून सर्वांत आधी ब्रेकचे लायनर, केबल, टायर आणि मागचे शॉकअप करून घ्यावेत. रंग आणि चकाकी शेवटी.

आणखी एक. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते बरेचसे आपल्याच उसातून येते, ही आनंदाची गोष्ट. पण या गाड्या झाल्या तेव्हा तसे पेट्रोल नव्हते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व वॉशर नरम करते, आणि ते हवेतला ओलावा शोषून घेत असल्याने टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरमधले रबरी भाग नवे घालावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करावा. टाकीच्या तोंडातून बॅटरीचा उजेड पाडून आत गंज आहे का, ते घेण्यापूर्वीच पाहावे.

कागद पक्के, मग सौदा

सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही. आर.सी. बुक हा गाडीचा सातबारा समजावा. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी आर.सी.शी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याची नोंद मागावी. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलल्याचे परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. "नावावर नंतर करू" हे वाक्य ऐकले की उठून यावे.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि ते पाच वर्षे टिकते. त्यासाठी गाडीची तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर असतो. हे शुल्क २०२२ पासून बरेच वाढले आहे. म्हणून आजचा आकडा आपल्या परिवहन कार्यालयात विचारून तो गाडीच्या किमतीत धरावा. नूतनीकरण बरीच वर्षे राहिलेले असेल, तर दंडासह सगळा खर्च विकणाऱ्याशी आधीच बोलून घ्यावा.

हल्ली जो तो आपल्या गाडीला "विंटेज" म्हणून भाव चढवतो. कायद्यातला अर्थ निराळा आहे. २०२१ साली झालेल्या नियमाप्रमाणे, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राहिलेली गाडीच विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि तशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसारख्या कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज शेतावर किंवा बाजाराला नेता येत नाही. आपल्याला वापरायची गाडी हवी असेल, तर साधी नोंदणी चालू असलेलीच गाडी घ्यावी.

ट्रॅक्टरचा परवाना मोटारसायकलीला चालत नाही, हेही चिरंजीवांना सांगा. शिकाऊ परवाना काढून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा द्यावी. तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. परवाना नसताना कोणाला धडक बसली, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा कांद्याचे पैसे तर जातातच, जमिनीवरही गदा येते.

शिकण्याचा क्रम

पहिले दोन-तीन महिने घरच्या शंभर सी.सी.च्या गाडीवरच शिकावे. ती लहान दिसते, दिसू द्या. क्लच आणि ॲक्सिलरेटरचा मेळ, हळू वळणे, दोन्ही ब्रेक एकत्र लावणे हे हलक्या गाडीवरच हाताला बसते. पीक निघालेल्या मोकळ्या रानात किंवा खळ्यावर चार विटा मांडून त्यांच्यामधून पाय न टेकता गाडी काढावी. मागे कोणी बसवू नये, ओझे लादू नये. हे जमले की जुनी गाडी आणावी आणि तिच्यावर पुन्हा पहिल्यापासून हाच क्रम करावा. पहिल्या पावसात, वाळू सांडलेल्या वळणावर आणि रात्री नवशिक्याने ती बाहेर काढू नये.

हेल्मेट डोक्याच्या मापाने घ्यावे. भुवयांच्या वरून डोक्याभोवती टेप धरून माप घ्यावे. दुकानात बहुधा ५८० आणि ६०० मिलिमीटरची हेल्मेटे असतात. मोठ्या डोक्याला ६२० चे मागवून घ्यावे लागते, पण आय.एस.आय. खुणेचेच घ्यावे. डोक्यावर अर्धवट चढलेले हेल्मेट पोलिसांपासून वाचवील, रस्त्यापासून नाही.

मग घ्यावी कोणती?

ताई, माझे मत विचारता म्हणून स्पष्ट सांगतो. जुनी येझदी जाणणारा मिस्त्री तुमच्यापासून वीस किलोमीटरच्या आत असेल आणि गाडीचा सांगाडा निकोप असेल, तर या चिरंजीवांना येझदी उत्तम. अंगाला पुरेशी मोठी, हाताला बुलेटपेक्षा हलकी आणि घरच्या गाडीशी पाय जुळणारी. मामांचे म्हणणे बरोबर आहे. तसा मिस्त्री नसेल, तर मूळ स्थितीतली पेट्रोलची बुलेट ३५० घ्यावी, पण वर सांगितलेली तीन महिन्यांची अट पाळून. म्हणजे वडीलही चुकत नाहीत, फक्त घाई करतात.

दुसरी गोष्ट वडिलांना सांगावी. दूध संकलन केंद्राची वेळ जुन्या गाडीवर अवलंबून ठेवू नये. ती हौसेची आणि हलक्या कामाची गाडी. धंद्याची गाडी घरातली तीच राहू द्यावी. आणि घेताना कांद्याच्या पैशांतून खत-बियाण्याचा वाटा आधी बाजूला काढावा. पीककर्जाला हात लावू नये आणि दुभते जनावर विकू नये. हौस पुढच्या हंगामापर्यंत थांबते, पेरणी थांबत नाही.

आणि तिसरी गोष्ट चिरंजीवांसाठी. बाबा, तुझी उंची आणि तुझे वजन ही हसण्याची गोष्ट नव्हे. त्याच अंगाने तू पोती उचलतोस आणि नांगर धरतोस. पारावरच्या पोरांना दाखवायचे म्हणून गाडी निवडशील, तर ती त्यांच्या मापाची होईल, तुझ्या नव्हे. तुझ्या पायाला टेकेल, तुझ्या हाताने उचलेल आणि तुझ्या शब्दाबरोबर थांबेल, तीच तुझी गाडी. तोपर्यंत शंभर सी.सी.वर बसून खुशाल तालुक्याला जा. हसणारे चार दिवस हसतील, परवाना मात्र तुझ्या खिशात असेल.

कोणत्याही गाडीबद्दल आणखी शंका असल्यास स्वाराची उंची, वजन, रोजचे अंतर आणि वाटेत घाट आहे की सपाटी, एवढे लिहून कळवावे.